आधी नल की आधी पट्टी?

*ताई, मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षं जावा लिहिते. मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी हळद-बेदाण्याच्या सौद्यांचं आणि पट्ट्यांचं (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांचं) सॉफ्टवेअर आम्ही करतो. आम्ही चौघं, आणि चौघांचे नल चेक, म्हणजे एखादी गोष्ट रिकामी (नल) तर नाही ना ही तपासणी, चार तऱ्हेचे. टीम लीड दादा 'नल != पट्टी' ('!=' म्हणजे 'बरोबर नाही') असं नल आधी लिहितात आणि रिव्ह्यूत सगळ्यांकडून तसंच करून घेतात. मी 'पट्टी != नल' लिहिते. एक जण 'ऑब्जेक्ट्स.नॉननल(पट्टी)' लिहितो. नवीन आलेला मुलगा म्हणतो, हे सगळं जुनं झालं, सगळीकडे ऑप्शनल हवं. गेल्या आठवड्यात माझी एक पुल रिक्वेस्ट (रिव्ह्यूसाठी पाठवलेला कोडमधला बदल) एवढ्यासाठी तीन दिवस अडकली. वाचायला सोपं नक्की कोणतं? आणि दादांना न दुखावता हे सांगू कसं?*
*— एक वाचक, सांगली*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, उत्तर एका ओळीचं आहे. 'पट्टी != नल' लिही आणि पुढच्या कामाला लाग. दुसऱ्या वाचनात मात्र पत्रात नसलेली एक गोष्ट खटकली. चौघं जण नल कसं तपासता ते तू नीट लिहिलंस, पण पट्टी मुळात नल का येते हे चौघांपैकी कुणीही विचारलेलं दिसत नाही. तिकडे मी येणारच आहे. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर.

कोड मोठ्यानं वाचून बघ, आणि मराठीत वाच. 'पट्टी नल नसेल तर' हे जिभेवर सहज येतं. 'नल पट्टी नसेल तर' म्हटलं की ऐकणारा अडखळतो, मनातल्या मनात वाक्य उलटं करून घेतो आणि मग पुढे जातो. ज्याच्याबद्दल बोलायचं ते आपल्याकडे आधी येतं. 'काटा रिकामा आहे का?' हा एक प्रश्न झाला, 'रिकामा काटा आहे का?' हा दुसराच. एका ओळीत हे अडखळणं अर्ध्या सेकंदाचं असेल, पण तुमच्या फायलींमध्ये असे शेकड्यांनी चेक असणार, आणि कोड लिहिला जातो एकदा, वाचला जातो कितीतरी वेळा.

दादांची पद्धत उगाच आलेली नाही, हे तू समजून घ्यावंस असं मला मनापासून वाटतं. सी भाषेत 'इफ (पी == नल)' लिहिताना एक बरोबरचं चिन्ह राहून गेलं तर 'इफ (पी = नल)' होतं. म्हणजे तपासणी होत नाही, उलट पी मध्येच नल जाऊन बसतं, आणि कंपायलर ते मुकाट्यानं चालवून घेतो. असा बग शोधताना लोकांच्या रात्री गेल्या आहेत. नल डावीकडे ठेवलं तर 'नल = पी' कंपाइलच होत नाही, कारण नलमध्ये काही भरता येत नाही. ज्या पिढीनं ही पद्धत अंगी बाणवली तिला तिनं खरोखर वाचवलं. शब्दक्रम उलटा करून बोलणाऱ्या एका सिनेमातल्या पात्रावरून तिला योडा कंडिशन असं नाव पडलं आहे.

जावात मात्र ते संकट उरलेलं नाही. इफच्या कंसात बूलियनच (खरं किंवा खोटं) लागतं, त्यामुळे 'इफ (पट्टी = नल)' लिहिलंस तर कंपायलर तिथंच अडवतो. फट राहते ती मोठ्या बी च्या बूलियन व्हेरिएबलपुरती, आणि त्याची नलशी तुलना करायची वेळ क्वचित येते. सी चे आजचे कंपायलरही वॉर्निंग चालू ठेवली तर अशी जागा दाखवतात. तेव्हा जावापुरतं माझं मत पक्कं आहे: वस्तू आधी, नल नंतर. अपवाद एकच, आणि तोही नलचा नव्हे, स्ट्रिंगचा. '"रोख".इक्वल्स(प्रकार)' असं लिहिलं की प्रकार नल असला तरी प्रोग्रॅम कोसळत नाही, म्हणून तिथे ठरलेला शब्द आधी येतो. ते चालेल. पण प्रकार नल असणं ही चूक असेल तर ती या ओळीत दडून बसते, तेवढं ध्यानात ठेव.

'ऑब्जेक्ट्स.नॉननल' जावा 8 मध्ये, 2014 साली आलं. स्ट्रीमच्या फिल्टरला 'ऑब्जेक्ट्स::नॉननल' म्हणून देता यावं यासाठी ते आहे, असं जावाच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे. यादीतले नल गाळायला ते छान. साध्या इफमध्ये '!= नल' या दोन चिन्हांच्या जागी ते घातलं तर हाती काही लागत नाही, फक्त ओळ लांबते.

ऑप्शनल, म्हणजे आत काही असेल किंवा नसेल असं उघड सांगणारी डबी, हेही त्याच जावा 8 चं. नवीन मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. एखादी मेथड काहीतरी शोधून देते आणि ते सापडणार नाही अशी रीतसर शक्यता आहे, तर तिनं ऑप्शनल परत द्यावं. 'शेतकरीशोधा(मोबाइल)' ही तशी मेथड. तिच्या सिग्नेचरमध्येच, म्हणजे नावाच्या ओळीतच, लिहिलेलं राहतं की बाबा, शेतकरी मिळेलच असं नाही. पण क्लासच्या फील्डमध्ये आणि मेथडच्या पॅरामीटरमध्ये ऑप्शनल ठेवू नका. पॅरामीटर ऑप्शनल केलास तर बोलावणारा भरलेलं ऑप्शनल देईल, रिकामं देईल किंवा चक्क नलही देईल. दोन शक्यतांच्या तीन झाल्या. आणि 'इझप्रेझंट' विचारून लगेच 'गेट' करणं म्हणजे तोच जुना नल चेक, फक्त जास्त अक्षरांत. 'मॅप' आणि 'ऑरएल्स' वापरायचं नसेल तर ऑप्शनलच्या वाटेला जाऊच नये. याद्यांना तर ते मुळीच लागत नाही. आजच्या पट्ट्या नसतील तर रिकामी यादी परत द्या. रिकाम्या यादीवर लूप शून्य वेळा फिरतो आणि कुणाला काही तपासावं लागत नाही.

झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता मला जे सांगायचं आहे ते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्राच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. फॅट मोजणारं मशीन केबलनं कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. कधीकधी केबल हलायची आणि लिटरची नोंद व्हायची, फॅटची यायची नाही. फॅट नल. दहा दिवसांचं बिल काढायच्या रात्री प्रोग्रॅम नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन बंद पडायचा. मी एक ओळ घातली: फॅट नल असेल तर 0 धर. बिलं धडाधड निघाली. माझं कौतुक झालं, आणि मलाही आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पुढच्याच महिन्यात एक आजी दुधाचं कार्ड घेऊन केंद्रावर आल्या. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, 20 वेळचं दूध घातलं, पैसे 17 वेळचेच आले. केंद्रावरच्या माणसानं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, आजी, तीन वेळा फॅट 0 आहे, पाणी घातलं असणार. मी तिथेच खुर्चीत बसले होते. म्हशीच्या दुधाला 0 फॅट कधी लागत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मशीननं 0 दाखवलेलंच नव्हतं, मशीननं काहीच दाखवलं नव्हतं. 0 मी लिहिलं होतं. त्या आजींच्या दुधाला मी पाणी ठरवलं होतं.

त्या ओळीची शैली अगदी वाचनीय होती. व्हेरिएबल आधी, नल नंतर, स्पेस जागच्या जागी. कुठल्याही रिव्ह्यूत ती पास झाली असती.

म्हणून सांगते, नल चेक वाचनीय आहे का हे ठरवताना एक प्रश्न विचार: हे रिकामं का आहे, ते ही ओळ वाचून कळतं का? तुमच्याच कामात बघ. पट्टीत वजन नल आहे, म्हणजे माल अजून काट्यावर गेलेला नाही. दर नल आहे, म्हणजे सौदा अजून निघालेला नाही. किंवा सौदा निघाला, पण शेतकऱ्याला भाव पटला नाही आणि बेदाणा परत कोल्ड स्टोअरेजला गेला. शेतकरी नल आहे, म्हणजे बहुतेक कुणीतरी खातं डिलीट केलं आणि हा सरळसरळ बग आहे. चारही ठिकाणी मेमरीत नलच. पण पहिल्या ठिकाणी थांबायचं, दुसऱ्या ठिकाणी वाट बघायची, तिसऱ्या ठिकाणी पट्टी रद्द करायची आणि चौथ्या ठिकाणी आरडाओरडा करायचा. 'इफ (नल != पट्टी.दर())' ही ओळ, नल कुठल्याही बाजूला लिहा, यातलं काहीही सांगत नाही. 'इफ (पट्टी.सौदाबाकी())' असं लिहिलं तर सांगते. नल चेक त्या छोट्या मेथडच्या आत एकदाच राहतो आणि बाहेर यार्डातलाच शब्द दिसतो.

तुझ्या अडकलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये, दादांच्या म्हणण्याप्रमाणे बदलल्यावर, काय असेल याचा मला थोडा अंदाज आहे. असं काहीतरी:

इफ (नल != पट्टी) {
  इफ (नल != पट्टी.शेतकरी()) {
    इफ (नल != पट्टी.वजन()) {
      पट्टीछापा(पट्टी);
    }
  }
}

(कोड इथं देवनागरीत लिहिते आहे, समजून घेशील.) यातला खरा त्रास नलच्या जागेचा नाही. एक म्हणजे खरं काम तीन पायऱ्या आत, उजवीकडे ढकललं गेलं आहे. आणि दुसरं, मला जास्त बोचणारं: एल्स कुठेच नाही. यातलं काहीही नल असलं तर पट्टी छापली जाणार नाही आणि कुणाला काही कळणारही नाही. शेतकरी यार्डातून रिकाम्या हातानं परत जाईल, आणि तुमच्या लॉगमध्ये त्या दिवशी सगळं आलबेल असेल. त्याऐवजी हे बघ:

ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल(पट्टी, "पट्टी मिळाली नाही");
इफ (पट्टी.शेतकरी() == नल) {
  थ्रो न्यू खातंनाहीएरर(पट्टी.नंबर());
}
इफ (पट्टी.वजन() == नल) {
  रिटर्न वजनबाकी(पट्टी);
}
रिटर्न पट्टीछापा(पट्टी);

अडचणी दारातच निकालात निघतात. प्रत्येक अडचणीला तिचं नाव आहे, तिचं वेगळं उत्तर आहे, आणि शेवटची ओळ डावीकडे, मोकळ्या जागेत, मुख्य काम सांगत उभी आहे. ही गार्ड क्लॉजची पद्धत. तुमच्या टीमनं एकच गोष्ट बदलायची ठरवली तर ती ही असू दे.

आणि ही तपासणी बाहेरून माल आत येतो तिथे करा. फॉर्म भरला जातो, काट्याचं रीडिंग येतं, एक्सेल फाइल अपलोड होते, डेटाबेसमधून ओळ वाचली जाते, या तुमच्या वेशी. वेशीवर नीट तपासलं तर आतल्या मेथड्सना पुन्हा पुन्हा विचारावं लागत नाही. प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला नल चेक दिसला की मी समजते, इथे कुणाचा कुणावर विश्वास नाही. आपण टाकलेल्या अशा चेकमागे भीती असते, एवढंच. कोसळू नये म्हणून टाकलेला चेक पुष्कळदा चूक पुढच्या खोलीत ढकलतो, आणि तिथं ती कुठून आली हे सापडत नाही.

कोसळण्याला इतकं घाबरायचं कारणही आता कमी झालं आहे. पूर्वी 'पट्टी.शेतकरी().गाव().पिनकोड()' अशा ओळीवर एक्सेप्शन आलं की फक्त ओळीचा नंबर मिळायचा. तीन टिंबांपैकी कुठलं फुटलं ते आपण शोधत बसायचं. 2020 साली आलेल्या जावा 14 पासून व्हीएम (जावाचा प्रोग्रॅम जो चालवतो तो) नेमकं सांगू शकतो की 'गाव()' नं नल परत दिलं म्हणून 'पिनकोड()' बोलावता आलं नाही. 14 मध्ये ते फ्लॅग लावून चालू करावं लागायचं, 15 पासून आपोआप चालू असतं. तुम्ही अजून जावा 8 वर असाल तर शैलीवर वाद घालण्यापेक्षा अपग्रेडसाठी दादांच्या मागे लागा, त्यात जास्त पुण्य आहे.

डेटाबेसची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पट्ट्यांचे रिपोर्ट तिथूनच निघतात. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, नलची तुलना नलशीसुद्धा खरी ठरत नाही, उत्तर 'माहीत नाही' असं येतं. म्हणून 'दर = नल' लिहून काही मिळत नाही, 'दर इझ नल' लिहावं लागतं. 'दर <> 0' अशी अट घातली तर नल असलेल्या ओळीही गळतात, आणि हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. सरासरीचं तर फारच महत्त्वाचं. तीन रीडिंगपैकी दोन 6 आणि एक नल असेल तर एव्हरेज 6 येतं, कारण नल मोजलं जात नाही. त्याच नलचं कुणी 0 केलं तर एव्हरेज 4. आजींच्या बिलातली तीन वेळची रक्कम आम्ही नंतर भरून दिली, पण संकलन केंद्राची त्या महिन्याची सरासरी फॅट आधीच वर पाठवली गेली होती.

तू सांगलीची, म्हणून एक उदाहरण तुझ्या रोजच्या वाटेवरचं. पावसाळ्यात अख्खी सांगली आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारत असते. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, ते तू पाहिलं असशील. समज, ती पातळी दाखवणारं ॲप तू लिहितेस आणि ऐन पुरात एका तासाचं रीडिंग आलं नाही. स्क्रीनवर '0 फूट' दिसायला हवं की 'रीडिंग मिळालं नाही, शेवटचं इतक्या वाजताचं'? जनावरं सोडायची का, सामान माळ्यावर टाकायचं का, हे त्या आकड्यावर ठरतं. नल ही माहिती आहे. 'आम्हाला माहीत नाही' ही फार महत्त्वाची माहिती असते, ती पुसू नये.

नल रेफरन्स ज्यांनी 1965 साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणला, त्या टोनी होअर यांनी 2009 मध्ये एका भाषणात त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. राबवायला सोपं होतं म्हणून मोह झाला, असं ते म्हणाले. त्यानंतरच्या भाषांनी बरंच शहाणपण घेतलं. कॉटलिनमध्ये एखादी गोष्ट नल असू शकते की नाही हे टाइपमध्येच प्रश्नचिन्ह लावून सांगावं लागतं, आणि न तपासता वापरली तर कंपायलर अडवतो. जावात तेवढं नाही, पण 'नलेबल' अ‍ॅनोटेशन (ही गोष्ट नल असू शकते अशी खूण) लावता येतं. त्यासाठी जेस्पेसिफाय नावाचं सामायिक प्रमाण 2024 मध्ये 1.0 ला पोहोचलं. वेशीवरच्या मेथड्सना तेवढं लावलंत तरी एडिटर पुष्कळ चुका आधीच दाखवेल. एक सावधगिरी मात्र हवी. कॉटलिनचं किंवा जावास्क्रिप्टचं '?.' (नल आलं तरी न कोसळता पुढे जाणारं चिन्ह) इतकं सोपं आहे की माणूस ते सगळीकडे टाकत सुटतो, आणि नल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घरंगळत जाऊन शेवटी पट्टीवर रिकामी जागा म्हणून छापला जातो. तुमच्या वेब स्क्रीनवर 'हमाली || 10' असं कुठं लिहिलं असेल तर आजच शोध. ज्याची हमाली खरोखर 0 आहे त्याच्याकडूनही ती 10 घेईल. तिथे '??' हवं, ते फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच बदली देतं.

आता दादा. भर रिव्ह्यूत, कमेंटखाली कमेंट लिहून हे ठरवू नकोस. तिथे चौघांसमोर कुणालाच माघार घेता येत नाही. चहाच्या वेळेला एखादी खरी मेथड उघडून त्यांच्याशेजारी बस. आधी सांग की तुमची पद्धत सी मधून आली आणि ती का आली हे मला कळलं. हे खरं आहे, म्हणून ते खोटं वाटणार नाही. मग दोन्ही ओळी मोठ्यानं वाचा. मग गार्ड क्लॉजचा बदल दाखव, आणि यातल्या वजन नसलेल्या पट्टीचं काय करायचं ते दादांना विचार. ते अनुभवी आहेत, यार्ड त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तो प्रश्न त्यांच्या ज्ञानाचा आहे, आणि त्याचं उत्तर देताना नल कुठल्या बाजूला आहे हे त्यांना फारसं महत्त्वाचं वाटणार नाही, असा माझा अनुभव आहे.

तरीही त्यांनी ऐकलं नाही आणि नल आधीच हवं म्हणाले, तर तसं लिही. मनापासून लिही. एका कोडमध्ये एकच रीत असणं हे चांगल्या रितीपेक्षाही वाचणाऱ्याला जास्त सोपं जातं, आणि चेकस्टाइलसारख्या टूलमध्ये नियम घातला की रिव्ह्यूत त्यावर पुन्हा कुणाला बोलावं लागत नाही. ठरेल ते ठरो, जुन्या सगळ्या फायली एका दिवसात बदलू नका. ज्या फायलीत काम निघेल तिथे बदला, आणि शैलीचा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, नाहीतर खरा बदल त्या गर्दीत कुणाला दिसणार नाही.

सोमवारी एक काम कर. तुमच्या कोडमध्ये नलचं 0 किंवा रिकामी स्ट्रिंग होते अशा जागा शोध आणि कागदावर लिहून काढ. तो कागद घेऊन मार्केट यार्डात एखाद्या अडत दुकानात जा, दिवाणजींशेजारी बस आणि एकेका जागेबद्दल विचार की हे रिकामं असेल तर तुम्ही वहीत काय लिहिता. कुठे ते रेघ मारत असतील, कुठे 'बाकी' लिहीत असतील, कुठे पानच सोडत असतील. त्यांनी काय सांगितलं ते मला कळव.